जुन्या कुंकवाचे फोटो

लिहिण्याआधी माफी मागतो. मला लिहिता येतं की नाही हे मलाच माहीत नाही. मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतीशास्त्र. पानाची कड, शिरा, देठ यांचं वर्णन वहीत करतो, तेवढाच माझा वर्णनाचा सराव. आमच्या घरात लिहिणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसची टाकी लावल्याची तारीख टाकणं. त्याच्या पुढे कोणी गेलेलं नाही. पदवीच्या कॉलेजात जाणाराही घरातला मी पहिलाच. त्यामुळे एका फोनमधून फोटो जात नव्हते, एवढ्याशा गोष्टीवर पानं भरायची म्हणजे आगाऊपणा वाटतो. शिवाय गोष्ट माझ्या एकट्याची नाही. पप्पांना मी विचारलेलं नाही. ताईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “लिही, पण मला रडकी करू नको.” ती रडकी नाहीच, त्यामुळे तेवढं तरी सोपं आहे.

आमचं घर लातूरला. पप्पा एका डाळमिलमध्ये मशीनवर आहेत. पाळी संपली की ते आधी तूर आत यायची थांबवतात, मग रोलर थोडा वेळ रिकामे फिरू देतात, आवाज हलका झाला की खटका खाली करतात. घरी आल्यावर, जेवण झालं की फोनलाही तोच न्याय. पूर्ण बंद. सकाळी सहाला, चहाच्या आधी, पुन्हा चालू.

“यंत्राला इसावा नको का?” असं ते म्हणतात.

“मला कधी बंद करत न्हाईत,” असं आई त्यावर म्हणते. हे दोघांचं ठरलेलं बोलणं आहे. आम्ही लहानपणापासून ऐकतो. आधी मिक्सरवरून व्हायचं, आता फोनवरून होतं.

दोन वर्षांपूर्वी ताईला एकदा कुंकू लागलं होतं. सोयरीक पक्की झाली की मुलाकडची माणसं येतात, मुलीला कुंकू लावतात, साडी देतात, ओटी भरतात. त्या दिवसापासून मुलगी त्यांची झाली असं धरतात. ते स्थळ पप्पांच्या मिलमधल्या ओळखीतून आलं होतं. तीन आठवड्यांत मोडलं. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. लग्नानंतर ती काम सोडणार हे आधीच ठरलं होतं, असं त्या पाहुण्यांचं म्हणणं. ताई म्हणाली, मी असं कोणाला बोललेच नाही. मग कोण बोललं, हे घरात कोणी कोणाला विचारलं नाही. साडी परत गेली. फोटो पप्पांच्या फोनमध्ये राहिले.

मोडलेली सोयरीक मुलीच्या मागून चालत येते. त्यानंतर दोन स्थळं आली. दोन्ही वेळा पोहे खाऊन झाल्यावर कोणीतरी बाईने सहज विचारल्यासारखं विचारलं, “आधी कुठं जमलं होतं का म्हणं?” आणि दोन्ही वेळा पुढचा फोन आला नाही. ताई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला लॅबला गेली. मला मात्र ते प्रश्न पाठ आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधी मुदखेडचं स्थळ आलं. मुलगा तिथे रेल्वेत आहे. बोलणी करायची बैठक आमच्याच घरी झाली, पण माझं प्रॅक्टिकल होतं, मी नांदेडला होतो. आईचा फोन आला. “जमलं,” एवढंच म्हणाली. तिच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

कुंकू दिवाळीच्या सुट्टीत झालं. माझ्या फोनच्या कॅमेऱ्याची काच फुटलेली आहे, सगळी माणसं धुक्यातून चालत आल्यासारखी दिसतात. म्हणून पप्पांच्या फोनवर मी फोटो काढले. पुष्कळ काढले. ताई हिरव्या साडीत, मुलाच्या आईचा हात तिच्या कपाळाशी, ओटीतला नारळ, सगळे ओळीने बसलेले. संध्याकाळी सगळ्यांनी ते पाहिले. कोणाचे डोळे मिटलेत यावरून हसणं झालं. मग पप्पांनी फोन बंद केला.

सकाळी ताई म्हणाली, “आण की फोन, मैत्रिणींना पाठवते.”

फोनमध्ये एकही नवा फोटो नव्हता. फोन पहिल्या कुंकवाच्या वेळी घेतलेला आणि त्याची गॅलरी जुन्यापासून सुरू व्हायची, त्यामुळे उघडली की सगळ्यात वर दोन वर्षांपूर्वीची ताई, अंजिरी साडीत, कपाळाला कुंकू आणि तांदूळ. ताईने फोन आईकडे दिला. आईने बघून पप्पांकडे दिला. पप्पांनी माझ्याकडे. फोन घरभर फिरला. आई आत जाऊन देवाजवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. नवं कुंकू राहिना आणि जुनं जाईना, असंच कोणालाही वाटलं असतं.

पप्पांनी मात्र मिलचा हिशोब लावला. “कोठी भरली की नवा माल सांडतोय. जुने काढ, म्हंजी जागा व्हईल.”

“जागा आहे पप्पा, दाखवतंय की.”

“दाखवू दे. तू काढ.”

आई स्वयंपाकघरात गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, “रविवारी मुदखेडचे येणारेत, तारीख काढायला. त्याच्या आत ते फोटो गेले पायजेत. एक बी राहू देऊ नको. तू कॉलेजला हाईस, तुला जमंल.”

कॉलेजात मला आंब्याच्या खोडाचे उभे-आडवे छेद घ्यायला शिकवतात, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. पण त्यांच्या डोळ्यांत आशा होती, म्हणून मी हो म्हणालो. आणि तेव्हाच माझ्या मनाने धरलं की मुदखेडच्यांना पहिल्या कुंकवाचं सांगितलेलं नाही. विचारलं नाही. पप्पांना असलं काही विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. पण दुसरं कारण काय असणार? होणारे दाजी उद्या फोन हातात घेतील, म्हणतील दाखवा फोटो, आणि वर पहिलाच अंजिरी साडीतला निघेल. मग पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा फोन न येणं.

मी फोटो काढून टाकले. कचरापेटीतूनही काढले. पप्पांना दाखवलं. त्यांनी मान हलवली, जेवल्यावर फोन बंद केला. सकाळी सहाला आतून हाक आली. सगळे फोटो जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी मी एकेक करून काढले, वहीत खुणा करत. सकाळी परत आले. तिसऱ्या दिवशी इंटरनेट बंद करून पाहिलं, कारण मला वाटलं कुठूनतरी वरून उतरत असतील. तरीही आले. पप्पा रागावले नाहीत, हेच वाईट होतं. ते फक्त म्हणाले, “तुझ्याकडून व्हत नसंल तर न्हाई म्हण. मी दुसऱ्याला दाखवतो.” दुसऱ्याला दाखवायचं म्हणजे त्या दुसऱ्याने फोटो पाहायचे. मी म्हणालो, मीच नेतो.

गंजगोलाईच्या बाजाराला लागून एका बोळात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलाएवढीच जागा, आणि टेबलामागे तिशीचा एक माणूस डोळ्याला भिंग लावून बसलेला. शुक्रवार होता, दुपार.

“काय झालं?”

“फोटो डिलीट होईनात.”

“कोणाचे?” मान वर न करता तो म्हणाला. “सोडून गेली तिचे?”

“बहिणीचे.”

त्याने भिंग काढलं. “माफ करा भाऊ. दिवसभर तेच येतंय माझ्याकडं. बोला.”

मी सांगितलं. त्याने फोन घेतला, एक फोटो काढून टाकला आणि माझ्यापुढे धरला. “गेला की.”

“उद्या सकाळी येईल.”

“कशानं, एसटीनं?”

“पप्पा रोज जेवल्यावर फोन बंद करतात. सकाळी चालू केला की येतात.”

तो थांबला. “रोज बंद करतात?”

“ते डाळमिलमध्ये मशीनवर आहेत,” मी म्हणालो. माझ्या दृष्टीने ते कारण पुरेसं होतं.

त्याने फोन बंद केला, चालू केला. अंजिरी साडी हजर. त्याने हे पुन्हा एकदा करून पाहिलं आणि बाजूचा कप्पा सुईने उघडून नखाएवढं कार्ड बाहेर काढलं.

“फोन चांगला हाय. हे गेलंय. तुमचे फोटो सगळे या कार्डावर. कार्ड मरायला लागलं की आधी लिहून घ्यायचं सोडतंय. तुम्ही पुसा म्हणलं, फोन म्हणला पुसलं, कार्डानं ऐकलंच न्हाई. नवा फोटो काढला, फोननं दाखवला, कार्डानं घेतलाच न्हाई. बंद करून चालू केलं की खरं ते दिसतंय.” मग कार्ड बोटावर धरून म्हणाला, “आमच्या आजोबावाणी. निजामाच्या टायमाचं सगळं आठवतंय. सकाळी काय खाल्लं इचारा, न्हाई.”

“म्हणजे परवाचे फोटो?”

“ते बसलेच न्हाईत. सोडून द्या.” मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. “पण वडलांना सलाम सांगा माझा. दुसरा कोणी असता तर महिना महिना फोन बंद केला नसता, फोटो काढत राहिला असता, आन् एक दिवशी सगळंच गेलं असतं.”

“हे पुसायचं कसं मग?”

“पुसायचं न्हाईच. जे पायजे ते नव्या कार्डावर घ्या, हे मोडून टाका.”

तीन दिवस मी काय काढायचं याची यादी करत होतो. आता काय घ्यायचं ते ठरवायचं होतं. त्याने मला स्टूल दिलं आणि कॉम्प्युटरवर सगळे फोटो उघडून दिले. पप्पा एवढे फोटो काढतात हे मला माहीत नव्हतं. मिलच्या पट्ट्यावरचा नंबर. तळहातावर तुरीचे दाणे. मोटारीची पाटी. माहूरच्या पायऱ्यांवर चपला हातात घेऊन उभी असलेली आई, आणि पुढच्या फोटोत तीच आई, फोटो काढू नका म्हणून हात वर केलेली. माझी बारावीची गुणपत्रिका, तिरकी, चार वेळा काढलेली. हे सगळं मी घेतलं.

मग कुंकवाचे फोटो आले. मी ते भराभर सोडत गेलो. एकावर थांबलो. त्यात ताईने अख्खा पेढा पप्पांच्या तोंडात कोंबला आहे आणि पप्पा हसत आहेत. आमचे पप्पा फोटोत हसत नाहीत. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते मालकापुढे उभे राहिल्यासारखे आहेत. इथे त्यांचे डोळे बारीक झालेत, पेढा अर्धा बाहेर आहे, आई कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघते आहे, आणि कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा. आम्हा चौघांचा दुसरा फोटो नाही.

एक बी राहू देऊ नको, असं ते म्हणाले होते. मी बराच वेळ बसलो. पुढे एक बाई चार्जर घ्यायला आली, ती गेली, तरी मी बसलोच होतो.

“हा एक माझ्या फोनमध्ये टाकता का?” मी विचारलं.

त्याने टाकला. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

घरी पप्पांनी स्वतःच फोन बंद केला, चहा प्यायले आणि चालू केला. बोटाने हळूहळू शेवटपर्यंत गेले. “गेले,” म्हणाले. मग जुनं कार्ड मागितलं. आईचा अडकित्ता घेऊन त्याचे दोन तुकडे केले, मग चार.

“धार जाईल त्याची,” आई म्हणाली.

“जाऊ दे.”

माझा फोन खिशात होता. ‘एक ठेवलाय’ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

रविवारी मुदखेडचे पाच जण आले. तारीख निघाली. सगळं नीट चाललं होतं. होणारे दाजी माझ्याशेजारी बसले होते. ते मोजकं बोलतात. चिवडा खाता खाता म्हणाले, “तुमच्याकडचे कुंकवाचे फोटो गेले म्हणं? आमच्याकडं हायत थोडे. फोन द्या, टाकतो.”

मी फोन उघडून दिला. देऊन झाल्यावर आठवलं. त्यांनी फोटो टाकले, आले का बघायला माझी गॅलरी उघडली, आणि हिरव्या साडीच्या फोटोंना लागूनच अंजिरी साडी होती. ताईच्या कपाळाला कुंकू, समोर पप्पांचा पेढा. त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तो फोटो मोठा केला, पाहिला, परत लहान केला. मग फोन माझ्या हातात दिला.

“आलेत सगळे,” म्हणाले, आणि चिवड्याच्या ताटलीकडे वळले.

जाताना सगळ्यांनी नमस्कार केले. त्यांनी पप्पांच्या पायाला हात लावला. मला त्यातून काही कळलं नाही.

मी नांदेडला परतलो. पुढचे दहा-बारा दिवस माझे कसे गेले ते मला नीट लिहिता येणार नाही. घरून फोन आला की आधी मी उभा राहायचो, मग उचलायचो. एकदा आईचा फोन भलत्याच वेळी आला, सकाळच्या तासाला. मी वर्गातून धावत बाहेर आलो. ती म्हणाली, “चादरी धुतल्यास का? वास मारत असतील.” मी भिंतीला टेकलो. प्रॅक्टिकलच्या वहीत एका पानाचं चित्र मी दोनदा काढलं आणि दोन्ही वेळा शिरा चुकल्या. सोयरीक मोडली तर काय सांगायचं हे मी मनात तयार केलं होतं. सांगायचं होतं की दोष माझा, मला एक बी राहू देऊ नको म्हटलं होतं आणि मी एक ठेवला. हे वाक्य पप्पांसमोर उभं राहून म्हणायचं, फोनवर नाही, असंही ठरवलं होतं. फोटो मात्र काढून टाकला नाही. ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता.

मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ताईचा फोन आला. ती लॅबमधून बोलत होती.

“तुझ्याकडं एक फोटो हाय म्हणं,” ती म्हणाली.

मी उभाच होतो. “कोण म्हणालं?”

“कोण म्हणणार? ज्यांनी बघितला ते. पप्पा किती गोड हसलेत म्हणाले. मला पाठव.”

“ताई, चुकलं माझं. मी आत्ता काढून टाकतो. तू त्यांना सांग की ते आधीचं...”

“काय सांगू?”

“की ते तसं काही नव्हतं.”

मग ती हसायला लागली. आधी तोंड दाबून, कारण लॅबमध्ये माणसं असतील, मग तिच्याने राहवेना.

“अरे, त्यांना माहीत हाय. बैठकीच्या दिवसापासून माहीत हाय. तू एवढे दिवस हे घेऊन बसलास का?”

“तू सांगितलंस?”

“मी सांगणारच होते. मला बोलू कुठं दिलं. पप्पांनी सांगितलं.”

मी खाली बसलो. कॉलेजच्या मागे निलगिरीखाली कट्टा आहे, त्याच्यावर.

“मग ते जुने फोटो कशाला पुसायला लावले?”

“मी बी हेच इचारलं त्यांना. म्हणाले, रोज सकाळी फोन चालू करून फोटो उघडले की आधी मीच हसताना दिसतो. बाकी काही न्हाई.” तिने आवाज खाली आणला. “तू तो पाठव मला. पप्पांना दाखवू नको, पण पाठव.”

मी म्हणालो, पाठवतो. मग विचारलं, बैठकीत पप्पा नेमकं काय म्हणाले. कारण पप्पा चार माणसांत बोलतात हेच मला डोळ्यासमोर आणता येत नव्हतं.

ताईने सांगितलं ते असं. चहाचे कप पाहुण्यांपुढे ठेवलेले होते, अजून कोणी उचलले नव्हते. पप्पा एकदम उभे राहिले. मुलाच्या वडिलांना वाटलं ते साखर आणायला उठले, म्हणून ते म्हणाले, बसा बसा. पप्पा बसले नाहीत. म्हणाले, “पोरीला आधी एकदा कुंकू लागलेलं हाय. ती सोयरीक मोडली. पोरगी काम सोडंल म्हणून शब्द मी दिला होता, तिला न इचारता. चूक माझी हाय, तिची न्हाई. हे ऐकून चहा घ्यायचा आसंल तर घ्या.”

“मग?” मी विचारलं.

“मग त्यांनी घेतला,” ताई म्हणाली.